ग्रायंडरची चकती

ग्रिल-गेट बनवणाऱ्यांच्या हातातला चार इंची ग्रायंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. एवढ्या वेगात चकती फुटली, तर तुकडे थेट तोंडाकडेच येऊ शकतात. ते अडवण्यासाठी असतं ते अर्धगोल लोखंडी गार्ड, आणि आपल्याकडे नेमकं तेच आधी काढून ठेवतात! कारण काय, तर ‘मध्ये येतं’.

गार्ड काढलं की पुढचा मोह मोठी चकती बसवण्याचा. चकतीवर तिची वेगमर्यादा छापलेली असते. सात इंची चकतीवर बहुधा ८,५०० फेरे लिहिलेले दिसतील. ती ११,००० वर फिरवली तर फुटायचीच भीती. कापायच्या चकत्यांच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीखही असते. ती सहसा कुणी पाहत नाही.

लाकूड कापायची दातेरी चकती ग्रायंडरला लावूच नये. ती लाकडात अडकली की मशीन हातातून उसळतं.

डोळ्यांना गॉगल हवाच, साधा चष्मा पुरत नाही. ओढणी, सैल बाही आवरून घ्यावी. चकती बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.