एंजिनाच्या श्वासाचे उष्णमान

वेधशाळेतील उष्णतामापक उघड्या उन्हात टांगलेला नसतो. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर तो ठेवलेला असतो. तेथे त्याला वारा लागतो, ऊन लागत नाही. तोच मापक तापलेल्या पत्र्याला टेकविला, तर तो हवेचे उष्णमान न दाखविता पत्र्याचे दाखवील. दोष मापकाचा नसतो, जागेचा असतो. टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीत आत येणारी हवा कोठे मोजावी, हा प्रश्नही ह्याच जातीचा आहे.

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा हे तुमसर तालुक्यातील गाव. पावसाळ्यात भाताच्या बांध्यांनी हिरवागार होणारा हा मुलूख मे महिन्यात मात्र भट्टीसारखा तापतो आणि पारा ४५ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढला तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. अशा दुपारी नागपुराहून टर्बोचार्जरची एखादी पेट्रोल मोटार सिहोऱ्यास निघाली आहे, असे समजू.

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिच्यातून टर्बोचार्जर पुढे आला. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलते. दाबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, हा अनुभव प्रत्येक घरी आहे. ४५ अंशांची हवा मूळ दाबाच्या १.८ पट दाबली आणि दाबणाऱ्या चाकाची कार्यक्षमता शेकडा ७० धरली, तर ती सुमारे १२८ अंशांवर जाते. मग ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून निवत जाते. चढलेल्या उष्णतेपैकी शेकडा ७० तेथे उतरली, तर एंजिनात शिरणारी हवा सुमारे ७० अंशांची असते.

म्हणजे एकाच हवेची ४५, १२८ आणि ७० अशी तीन उष्णमाने झाली. ह्यांपैकी एंजिनाच्या वाट्याला येते ते शेवटचे. अनेक मोटारींत विद्युत्-नियंत्रक हवेचा दाब व उष्णमान ह्यांवरून तिचे वजन काढतो आणि तितक्या हवेस पुरेल एवढे पेट्रोल सोडतो. सेन्सर टर्बोचार्जर व इंटरकूलर ह्यांच्या मध्ये बसविला, तर हवा फार विरळ आहे असे समजून नियंत्रक सुमारे शेकडा १४ पेट्रोल कमी देईल. असे तुटपुंजे मिश्रण भरधाव एंजिनात घातक ठरते. उलट सेन्सर हवेच्या गाळणीपाशीच राहिला, तर सुमारे शेकडा ८ पेट्रोल जादा जाईल. शिवाय हवा थंड आहे अशा समजुतीने ठिणगीही घाईने पडेल. दोन्ही प्रकारांत मिश्रण अवेळी भडकून एंजिन ठोके देऊ लागते व पिस्टनास इजा होण्याचा संभव असतो. काही मोटारींत गाळणीपाशी हवेचे वजन प्रत्यक्ष मोजणारे साधन असते. तेथे पेट्रोलाचा हिशेब त्यावर चालला, तरी ठिणगीची वेळ ठरविण्यास आतल्या हवेचे उष्णमान लागतेच.

तेव्हा योग्य जागा इंटरकूलरच्या पुढची. ती शक्यतो इंटरकूलर व थ्रॉटल ह्यांना जोडणाऱ्या नळीवर असावी. थ्रॉटलच्या पुढील ॲल्युमिनियमच्या हवाकोठीत सेन्सर बसविता येतो, परंतु ती कोठी एंजिनाला चिकटलेली असते. सिहोऱ्याच्या चौकात चहासाठी मोटार दहा मिनिटे उभी राहिली की एंजिनाची धग धातूतून सेन्सरापर्यंत पोहोचते आणि पुन्हा निघताना काही वेळ तो हवेऐवजी कोठीचेच उष्णमान सांगत राहतो. तापलेल्या पत्र्यावरचा मापक तो हाच.

नळीवरही जागा पारखून घ्यावी. सेन्सराचे टोक हवेच्या प्रवाहाच्या मध्याशी पोहोचले पाहिजे; भिंतीलगत राहिले तर ते भिंतीची ऊब मोजते. टोक उघड्या जाळीचे असल्यास बदल लवकर कळतो. पितळी टोपणाआडचे सावकाश सांगते. नळीच्या तळाशी तेलाचा ओघळ साचतो, म्हणून सेन्सर वरून किंवा बाजूने बसवावा. रबरी नळीत आटे धरत नाहीत. धातूच्या नळीवर आट्यांचे बूड डाखून घ्यावे. भोक पाडण्यापूर्वी नळी मोटारीतून काढावी, नाहीतर धातूचा कीस एंजिनात जाईल. सेन्सराची तार धुराच्या नळीपासून दूर न्यावी.

कारखान्यातूनच टर्बोचार्जरसह आलेल्या मोटारीत सेन्सराची जागा आणि नियंत्रकातील हिशेब एकमेकांशी जुळविलेले असतात. तेथे हात घालू नये. हा विचार उद्भवतो तो साध्या एंजिनाला मागाहून टर्बोचार्जर जोडल्यावर, कारण जुना सेन्सर बहुधा गाळणीपाशी किंवा तापणाऱ्या कोठीत राहून गेलेला असतो. असा फेरफार सार्वजनिक रस्त्यावरील वाहनात करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे कलम ५२ पाहणेही आवश्यक आहे.

थंड हवेच्या गावी जागेची चूक कदाचित महिनोन्‌महिने खपून जाईल. सिहोऱ्याच्या मे महिन्यात एंजिनाजवळ तेवढी सवड नसते. म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी त्याची जागा निश्चित करावी.