बुद्धभद्र आणि नवकम्म

बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिमेस, अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या ५व्या शतकाच्या उत्तरार्धातील एक संस्कृत शिलालेख आहे. त्यानुसार हे चैत्यगृह भिक्षू बुद्धभद्राने अश्मकराजाचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ कोरविले. अमात्याशी त्याचा दृढ स्नेह होता.

येथे एक प्रश्न उद्भवतो. भिक्षूने सोनेरुपे स्वीकारू नये, असा विनयाचा नियम आहे. मग एवढे कार्य भिक्षूच्या हातून कसे घडावे? पालि विनयात याचे उत्तर अंशतः मिळते. उपासक दान देतो, तर बांधकामाच्या देखरेखीसाठी संघ ‘नवकम्मिक’ भिक्षू नेमतो. अजिंठ्यातही धर्मदत्त आणि शिष्य भद्रबंधू यांनी देखरेख केल्याची नोंद आहे. राजदरबारी वजन असलेल्या बुद्धभद्राने सहकाऱ्यांची नावे आपल्या लेखात कोरविली, ही गोष्ट आजच्या विहारप्रमुखांनीही ध्यानी घ्यावी.