वारा पश्चिमेचा, पाऊस पूर्वेचा

जुलैत वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या एखाद्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहावं आणि पऱ्हाटीची कोवळी पानं कुठं लवतात ते पाहावं. पूर्वेकडे लवतात. म्हणजे वारा पश्चिमेचा, अरबी समुद्राकडून आलेला. आठ-आठ दिवस तो असाच भणाणत असतो, ढग त्याच्यासोबत पळत असतात आणि पाऊस काही पडत नाही. मग एका संध्याकाळी बातम्यांत ऐकू येतं, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. ज्यांची पेरणी अडकलेली असते त्यांचे कान टवकारतात. तीन-चार दिवसांत झड लागते. वारा एका समुद्राचा आणि पाऊस दुसऱ्या समुद्राच्या सांगाव्यावर, हे कसं काय?

आधी वाऱ्याचं मूळ गाव शोधू. ते मुंबईच्या समुद्रात नाही, पार विषुववृत्ताच्या पलीकडे, मादागास्करजवळच्या मॅस्करीन बेटांच्या आसपास आहे. आपल्याकडे उन्हाळा संपत येतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. थंड, जड हवा तिथं साचते आणि दाब कमी असलेल्या उत्तरेकडे वाहू लागते. शिडाच्या जहाजांनी शतकानुशतकं ज्यांच्या भरवशावर समुद्र ओलांडले ते आग्नेय व्यापारी वारे हेच. विषुववृत्त ओलांडलं की मात्र ते उजवीकडे वळतात आणि नैऋत्येचे होतात.

का वळतात? धावत्या एसटीतून उडी टाकणारा माणूस खाली टेकल्यावरही चार पावलं पुढं धावतो, तशी ही गंमत आहे. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगानं फिरते. रिद्धपूर एकवीस अंश उत्तरेला, इथली जमीन फिरते ताशी १५६० च्या आसपास. विषुववृत्तावरून निघालेली हवा आपला जुना वेग अंगात घेऊनच उत्तरेला येते, खालच्या जमिनीच्या पुढे जाते, म्हणजेच पूर्वेकडे सरकते. वावरात उभ्या माणसाला फिरणारी पृथ्वी जाणवत नाही, पण पऱ्हाटीचं पान ज्या बाजूला लवतं त्यात ती असते.

पुढे आफ्रिकेच्या पूर्वेकडची उंच पठारं या हवेला भिंतीसारखी अडवतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत तिचा जोरदार झोत होतो, आणि हा झोत अरबी समुद्र पीत पीत आपल्या किनाऱ्याला येतो. सह्याद्री त्याला वर ढकलतो. वर गेलेली हवा थंडावते आणि कोकणाला भिजवते. काही वारा भडोच-सुरतेकडून सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या तापी-पूर्णेच्या सखल वाटेनं आत शिरतो. चक्रधरस्वामीही भडोचचेच. रामटेकला जायचं म्हणून निघाले आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी थांबले. पुढे याच गावात, वाजेश्वरीत, म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. त्या वाटेनं येणारा वारा मात्र इथं थांबत नाही.

थांबत नाही, कारण त्याला वर उचलणारं इथं काही नाही. मेळघाटाचे डोंगर चिखलदऱ्याला ढगात नेतात, पण खालच्या मैदानात तेवढा चढ कुठला? वऱ्हाडात कोरड पडते तेव्हा हवेत पाणी नसतं असं आपल्याला वाटतं. पाणी असतं, घामानं चिकटलेला सदरा त्याची साक्ष देतो. फडकं ओलं आहे, पिळणारा हात हवा.

तो हात येतो पूर्वेकडून. पावसाळ्यात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याजवळच्या उपसागरात एकामागून एक कमी दाबाचे भोवरे जन्मतात. कोमट पाण्यावरची ओली हवा वर उठते, वाफेचं पाणी होतं आणि वाफ करताना जी उष्णता खर्ची पडलेली असते ती सगळी परत मिळते. ही उष्णता केवढी? एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. एवढं पाणी वाफेतून जन्माला येताना वरच्या आभाळात जवळपास ७०,००० युनिट विजेइतकी उष्णता सोडतं. एका एकराचा हा हिशेब. भोवरा शेकडो किलोमीटर रुंद असतो. तापलेली हवा आणखी वर जाते, खाली दाब आणखी उतरतो, चारी बाजूंनी हवा धावते आणि मघाच्याच वळणामुळे गरगरू लागते, उत्तर गोलार्धात नेहमी घड्याळाच्या उलट. चैत्रात वावरात उठणारी वावटळ मात्र कशीही फिरते, डावी नाहीतर उजवी. ती इतकी लहान आणि अल्पायुषी, की पृथ्वीच्या फिरण्याला तिची दखल घ्यायला सवडच मिळत नाही.

जुलै-ऑगस्टमधले हे भोवरे सहसा चक्रीवादळ होत नाहीत. खाली वारा पश्चिमेचा आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर उलटा, पूर्वेचा जोरदार झोत. उभा राहू पाहणाऱ्या वादळाचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे ओढले जातात. खरी चक्रीवादळं म्हणूनच पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. ही अर्धवट वाढलेली वादळं ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशी पश्चिम-वायव्येला सरकतात, जमिनीलगतच्या वाऱ्याच्या तोंडावर!

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. भोवऱ्याचा मध्य छत्तीसगडवर आहे. तो घड्याळाच्या उलट फिरतोय, म्हणजे त्याच्या दक्षिणेला वारा पश्चिमेकडून पूर्वेला धावणार. पण तिथं मोसमी वारा आधीच त्याच दिशेनं वाहतोय. दोघांची बेरीज होते, अरबी समुद्राची ओल दुप्पट ओढीनं आत खेचली जाते आणि भोवऱ्यापाशी वर उचलली जाते. म्हणून अशा भोवऱ्याचा सर्वांत मोठा पाऊस त्याच्या मध्यात न पडता नैऋत्य बाजूला पडतो, आणि छत्तीसगडच्या पश्चिम-नैऋत्येला आपण. पिळणारा हात उपसागराचा, पिळलेलं पाणी बरंचसं अरबी समुद्राचं.

हात कधी जास्त जोरात आवळतो. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी अशी चढली की काठावरचं मोवाड गाव वाहून गेलं; दोनशेहून अधिक माणसं गेली. आणि कधी हात येतच नाही. कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो, इकडे पावसाचा खंड पडतो, दुबार पेरणीची बोलणी सुरू होतात.

इंग्रजीतला ‘सायक्लोन’ शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये कलकत्त्यात घडवला, सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून. असंच एक वेटोळं २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं. नाव गुलाब, पाकिस्तानानं सुचवलेलं. एरवी वादळं जमिनीवर आली की पाण्यावाचून मरतात. हे तेलंगण ओलांडून मराठवाडा आणि लगतच्या विदर्भावर आलं, क्षीण झालं, तरी भिजवत राहिलं. उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली. काढणीला आलेलं सोयाबीन वावरात उभं भिजलं. मग ते गुजरातेतून अरबी समुद्रात उतरलं, कोमट पाणी मिळताच पुन्हा उभं राहिलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळलं. तेव्हा त्याला नवं नाव होतं, शाहीन, कतारनं दिलेलं. मधल्या वाटेवर, आपल्या डोक्यावरून जाताना, हवामान खात्याच्या लेखी ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं, आणि वऱ्हाडात त्याला सगळे झडच म्हणत होते.