मोटारीच्या तेलाची पाहणी

बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून शेतकरी बाजाराची वाट धरीत नसे. पण दारांतल्या मोटारीच्या तेलाकडे महिनोन् महिने कोणी पाहत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. इंजिनांतील तेल घर्षण कमी करतें, उष्णता वाहून नेतें, शिवाय काजळी व झिजेचा चुरा आपल्या अंगीं घेतें. तें काळें पडतें तें यामुळेंच.

आठवड्यांतून एकदां गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें आणि ५ ते १० मिनिटें थांबावें, म्हणजे तेल खालीं उतरतें. मग मापाची पट्टी काढून पुसावी व पुन्हां पूर्ण आंत घालून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. वरच्या खुणेपलीकडे ओतणें ही उदारता नव्हे. जादा तेल क्रँकच्या फिरण्यानें घुसळून फेंसाळतें. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजून गाडी हलवूं नये.

चालतां चालतां तेलाचा तांबडा दिवा लागला, तर घर कितीहि जवळ असो, गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. बेअरिंगें जळून इंजिन जाम होण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि मग खर्च डबाभर तेलाचा राहत नाहीं.

गाडीच्या पुस्तिकेंत धुळीच्या वाटांसाठीं तेल बदलण्याची निराळी, कमी मुदत बहुधा दिलेली असते. शिवारांत फिरणाऱ्या गाड्यांस तीच लागू.