विश्लेषण : संकटातून कंपनी किती लवकर सावरेल, हे कसे मोजतात?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक जगभर ठप्प झाले. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. कंपनीला २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. अशा धक्क्यातून सावरण्याची तयारी आधी तपासता येते का?

बॅकअप असूनही अडचण का आली?

बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते. मात्र, कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘डोमेन कंट्रोलर’चा बॅकअप मिळेना. असे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत; एक बिघडला तर दुसरा कामी येईल, हा हिशेब होता. सगळेच एकदम जातील, हे गृहीत धरले नव्हते. ‘वायर्ड’ मासिकाच्या वृत्तानुसार, घानातील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी नेटवर्कबाहेर होता, म्हणून तेवढा वाचला. त्यावरील माहिती नायजेरियामार्गे इंग्लंडला हातोहात पोहोचवावी लागली.

मग कंपनी कशी सावरली?

दहा दिवसांत सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करण्यात आले. तोवर कर्मचाऱ्यांनी कागद आणि व्हॉट्सॲपच्या आधारे काम रेटले. मालवाहतूक २० टक्केच घटल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले.

परिपक्वता कशी मोजतात?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटने विकसित केलेले पाच पातळ्यांचे प्रारूप आयटी क्षेत्रात परिचित आहे. पहिल्या पातळीवर काम मोजक्या माणसांच्या भरवशावर चालते. दुसरीवर प्रत्येक प्रकल्पाचे नियोजन असते. तिसरीवर संपूर्ण कंपनीची एकच ठरलेली पद्धत असते, चौथीवर कामाचे आकड्यांत मोजमाप होते आणि पाचवीवर सतत सुधारणा होत राहते. संकटात व्यवसाय सुरू ठेवण्यासाठी ‘आयएसओ २२३०१’ हे स्वतंत्र मानक आहे.

प्रमाणपत्र मिळाले की पुरे?

नाही. प्रमाणपत्रातून पद्धत आहे एवढे कळते. ती ऐन वेळी चालेल का, हे सरावातूनच कळते. त्यासाठी काही साधे प्रश्न विचारावे लागतात. बॅकअपमधून यंत्रणा प्रत्यक्ष उभी करून शेवटचे कधी पाहिले? त्याला किती तास लागले? एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडून ठेवली आहे का? महत्त्वाचे पासवर्ड किंवा कामाची माहिती एकाच व्यक्तीकडे आहे का?

सुधारणा कुठून सुरू करावी?

कोणते काम किती वेळ बंद राहिले तर चालेल, हे आधी ठरवावे. त्यानुसार वर्षातून किमान एकदा रंगीत तालीम घ्यावी, उणिवा लिहून काढाव्यात आणि त्या दूर करण्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर सोपवावी. पुढच्या तालमीत त्याच उणिवा पुन्हा दिसल्या, तर कागदावर कितीही वरची पातळी असली तरी तयारी अपुरीच म्हणावी लागेल. मर्स्कच्या मदतीला घानातील वीजकपात आली. प्रत्येक कंपनीला असा योगायोग लाभेलच असे नाही.