आईची हाक आणि जत्रेची सकाळ

पानं वाढून तीन हाका मारल्या तरी आतल्या खोलीतून "आलो, पाचच मिनिटं!" एवढंच उत्तर येतं, हा अनुभव तुमच्याही घरचा असेल. पाचाची पंचवीस मिनिटं होतात, आमटी गार होते, आणि आपला पारा चढतो. "एवढं काय ठेवलंय मेलं त्या गेममध्ये?" असं आपण विचारतो खरं, पण ते काही उत्तर मिळावं म्हणून नव्हे! मैत्रिणींनो, हाच प्रश्न एकदा उत्तरासाठी विचारून पाहा. मूल चक्रावतं आधी, पण मग सरकून बसायला जागा करून देतं.

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याला गोळीबार आणि धडाधड आदळणाऱ्या मोटारीच आठवतात. तसले गेम आहेतच, आणि ते मला आजही आवडत नाहीत. पण दुसरी एक जात आहे. तिच्यात राजे, राजकन्या, जादू, राक्षस असं सगळं असतं आणि एक लांबलचक गोष्ट असते. तीस-चाळीस तास चालणारी! मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. गोष्टीची सुरुवात कशी करावी हे मुलांना सांगता सांगता फळा भरतो, तरी चाळीसांपैकी पस्तीस मुलं 'एक गाव होते' यापलीकडे सरकत नाहीत. म्हणूनच असेल, या गेमच्या सुरुवातीनं मला धरून ठेवलं.

गेमचं नाव 'क्रोनो ट्रिगर'. जपानच्या स्क्वेअर या कंपनीनं तो 1995 साली सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी काढला. जपानमधले तीन नावाजलेले लोक यासाठी एकत्र आले होते. 'फायनल फँटसी'वाले हिरोनोबु साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'वाले युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेचे चित्रकार अकिरा तोरियामा. तोरियामा 2024 साली गेले. गेम एवढा जुना असूनही आज तो फोनवर आणि कॉम्प्युटरवर मिळतो, आणि आमच्या आठवीतल्या चिरंजीवांना तो पुण्याच्या मावसभावाकडून कळला.

सुरुवातीला घड्याळाचा लंबक हलताना दिसतो. टिक्, टिक्. मग सकाळ होते, दूरवर घंटा वाजत असते. आणि पहिलं माणूस जे बोलतं ते कोण, सांगा पाहू? आई! खोलीत येऊन ती पडदे सरकवते आणि मुलाला हाक मारून उठवते. गावात आज जत्रा आहे, राज्याला हजार वर्षं झाल्याची. खाली गेलं आणि तिच्याशी बोललं की ती खर्चायला 200 नाणीही हातावर ठेवते. राक्षस नाही, लढाई नाही, तलवारींचा खणखणाट नाही. आळोखेपिळोखे देणारा मुलगा आणि त्याच्या मागे लागलेली आई! होरींच्याच 1988 सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या तिसऱ्या भागातही सोळाव्या वाढदिवसाच्या सकाळी आईच मुलाला उठवते आणि राजवाड्याकडे नेते. आपलं हे रोजचं काम इतकं महत्त्वाचं असेल, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं बाई!

आता इथली युक्ती बघा. मुलाचं नाव क्रोनो, पण ते बदलून आपलं नाव घालता येतं. आणि हा क्रोनो स्वतः जवळजवळ काहीच बोलत नाही. बाकीचे त्याच्याशी बोलतात, तो नुसता ऐकतो. त्यामुळे होतं काय, की त्याच्या जागी खेळणारा मुलगा अलगद जाऊन बसतो. कादंबरी वाचताना आपण नायिकेच्या शेजारी बसतो; इथे तिच्या पायांत आपले पाय असतात. पुढे जायचं की थांबायचं, कुणाशी बोलायचं, हे बोटाच्या टोकावर.

मग जत्रा. ती तर मला आपल्याच ग्रामदैवताच्या जत्रेसारखी वाटली. शर्यतीवर पैज लावा, सोडा पिण्याची स्पर्धा करा, गाणाऱ्या यंत्राशी लढून गुण मिळवा. क्रोनोची मैत्रीण लुका हिनं एक यंत्र केलंय, माणसाला इथून तिथे पोचवणारं. पण ते अजून लागायचंय, त्यामुळे तिकडची वाट बंद. म्हणजे तोवर हिंडायलाच हवं. आपण पाहुण्यांना कसं म्हणतो, "स्वयंपाक होईस्तोवर जरा देऊळ बघून या," तसंच! घंटेपाशी क्रोनोची एका मुलीशी टक्कर होते, दोघं पडतात, तिच्या गळ्यातलं पदक बाजूला जाऊन पडतं. मार्ल असं ती नाव सांगते आणि मला जत्रा दाखव म्हणते. वाटेत खाऊच्या दुकानासमोर ती रेंगाळते. एका छोट्या मुलीची मांजर हरवलेली असते. एका म्हाताऱ्याचा डबा मेजावर असतो, तो खाताही येतो.

या सगळ्यातलं काहीही करा अथवा करू नका, कुणी काही म्हणत नाही. आमच्या मुलानं पदक आधी उचललं, मुलीकडे मग वळला. डबा खाल्ला. मांजर परत नेऊन दिली, पण मार्ल खाऊ निवडत होती तेव्हा हा कंटाळून पुढे निघाला. शेजारी बसलेल्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "अरे, त्या पोरीला आधी उठवायचं की नाही?" "आजी, गेम आहे तो!" असं उत्तर मिळालं.

पुढे लुकाच्या यंत्रात मार्ल उभी राहते, ते पदक चमकतं आणि ती नाहीशी होते. तिच्यामागून क्रोनो जातो तो 400 वर्षं मागच्या काळात. तिथे तिला राणी समजून बसलेले लोक असतात, तो सगळा गोंधळ मी सांगत बसत नाही. ती खरी राजकन्या असते, हे मात्र तिथे कळतं. तिला सुखरूप परत आणून क्रोनो वाड्यावर पोचवायला जातो, आणि तिथे शिपाई त्यालाच धरतात. आरोप काय, तर राजकन्येला पळवलं!

खटला उभा राहतो. आणि आता ती जत्रा परत येते. पडल्यावर आधी पदक उचललंस की मुलीची विचारपूस केलीस? म्हाताऱ्याचा डबा कुणी खाल्ला? तो म्हातारा साक्षीला येतो. मांजरवाली चिमुरडीही येते, ती मात्र बाजूनं बोलते. ज्या गोष्टी कुणी पाहिल्या नाहीत असं वाटलं होतं, त्या सगळ्यांची नोंद होती म्हणे! निकाल काहीही लागला तरी कोठडी चुकत नाही, पण आमच्याकडे दोषी ठरल्याचा निकाल लागला तेव्हा मुलगा एक अक्षर बोलला नाही. सासूबाईसुद्धा नाहीत, आणि त्यांच्यासाठी हे अवघड होतं. रात्री अंथरुणं घालताना त्यानं मला विचारलं, "आई, मी आधी तिला उठवलं असतं, तर ते खोटं वागणं झालं असतं का? कारण आता मला माहितीये ना, की कुणीतरी बघतंय."

मैत्रिणींनो, तेराव्या वर्षी मुलं आपल्यापासून थोडी लांब जायला लागतात. शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही", जेवण कसं झालंय तर "बरं". त्या घरात हा प्रश्न मला कितीतरी दिवसांनी मिळालेला पहिला खरा प्रश्न होता. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. उत्तर काही सापडलं नाही.

तुरुंगातून निसटून ही तिघं पोचतात 2300 सालात. तिथे आभाळ काळवंडलेलं, माणसं उपाशी. 1999 साली जमिनीखालून आलेल्या लाव्होस नावाच्या प्राण्यानं जग कसं बेचिराख केलं, याची चित्रफीत त्यांना सापडते. मग ती तिघं ठरवतात, हे होऊ द्यायचं नाही. एरवी अशा गेममध्ये राजा बोलावून कामगिरी सांगतो. इथे कुणी सांगत नाही. आणि माझ्या मते जत्रेत तेवढा वेळ घालवलेला असतो म्हणूनच ते पटतं. जग वाचवायचं म्हणजे ती सोड्याची स्पर्धा, ती मांजर, सकाळी पडदे सरकवणारी ती आई वाचवायची.

सगळ्याच गेमची सुरुवात अशी गजबजलेली नसते. 2017 साली आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून एका गुहेत जागा होतो. बाहेर येतो तर पुढे नजर पोचेल तिथवर नुसता प्रदेश, आणि जवळच शेकोटीपाशी बसलेला एक म्हातारा. मला त्यातला स्वयंपाक फार आवडला! त्या पठारावर कडाक्याची थंडी असते. तिखट मिरच्या घालून काही शिजवलं आणि खाल्लं की काही वेळ थंडी बाधत नाही. म्हातारबुवांच्या झोपडीतल्या वहीत एका तिखट पदार्थाची नोंद असते, पण कृती ते विसरलेत. मिरची, कच्चं मांस आणि मासा एकत्र करून तो जमवून दिला, की ते खुशीनं ऊबदार अंगरखा देतात. कुणी शिकवणी घेत नाही, आणि मुलं भराभर शिकतात. माझ्या वर्गासाठी हे मी लक्षात ठेवलंय.

एक कामाची गोष्ट सांगते. 'क्रोनो ट्रिगर'सारख्या जुन्या घडणीच्या गेममध्ये खेळ हवा तिथे जपून ठेवता येत नाही, ठरावीक जागा असतात. मध्येच बटण बंद केलं तर केलेली मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून मुलं एवढी कळवळतात. "बंद कर" म्हणण्याऐवजी "पुढच्या जागी पोचलास की जपून ठेव आणि ये" असं दहा मिनिटं आधी सांगून पाहा. आमच्याकडे आमटी आता दोनदा गरम करावी लागत नाही. कधी कधी लागते.

सध्या आमचं गाडं 2300 सालात अडलंय. सहामाही परीक्षा संपेपर्यंत ते तिथेच राहायचं, असं घरात ठरलं. सासूबाईंना हे मुळीच मान्य नाही. त्या भुकेल्या माणसांना तसंच सोडून अभ्यासाला कसं बसायचं, असं त्या मला रोज विचारतात.