मोटारीच्या क्लचची निवड आणि शक्तिसंक्रमण यंत्रणेतील सुधारणा : एक विवेचन

प्रस्तावना

हाताने गिअर बदलावयाच्या मोटारीत इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारा आणि गरजेनुसार विलग करणारा घटक म्हणजे क्लच होय. हे कार्य तो घर्षणाच्या साहाय्याने करतो. त्यामुळे झिजणे हा त्याचा दोष नसून स्वभावधर्म आहे. क्लच बदलण्याची वेळ आली, की 'जितका मजबूत तितका चांगला' या समजुतीने निवड केली जाते. ही समजूत यांत्रिकीच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार येथे केला आहे.

उद्दिष्टे

१) क्लचची क्षमता कोणत्या घटकांवर अवलंबून असते हे स्पष्ट करणे.
२) क्षमता वाढविण्याच्या पर्यायांचे गुणदोष तपासणे.
३) निवडीचा व्यवहार्य क्रम सुचविणे.

क्लचची क्षमता

क्लच किती टॉर्क, म्हणजे किती पीळ, वाहून नेऊ शकतो हे चार घटकांवर ठरते : घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि पृष्ठाची सरासरी त्रिज्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता होय. उदाहरणादाखल दोन पृष्ठांची क्लच प्लेट, ०.३ घर्षण गुणांक, ५००० न्यूटन दाब व ८५ मिलिमीटर सरासरी त्रिज्या घेतल्यास क्षमता २५५ न्यूटन-मीटर येते.

मारुती स्विफ्टच्या २००७ मध्ये भारतात आलेल्या डिझेल आवृत्तीतील १२४८ सीसी इंजिनाचा कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता. मारुतीने २०२० मध्ये डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले. परंतु अशा मोटारी आजही रस्त्यावर आहेत. वरील क्लच या इंजिनास जोडला असे गृहीत धरल्यास क्षमता गरजेच्या सुमारे १.३४ पट ठरते. हे अधिक्य अनावश्यक नव्हे. क्लच तापून घर्षण गुणांक ०.२५ वर उतरला, तर क्षमता सुमारे २१२ वर येते. तरीही १९० चा भार पेलला जातो.

आता इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकात फेरफार करून, म्हणजे 'रिमॅप' करून, टॉर्क २० टक्क्यांनी वाढविला, तर तो २२८ होतो. थंड असताना हाच क्लच काम देईल. परंतु खंबाटकीसारख्या घाटात वाहतूक अडून तो तापला, की सरकू लागेल. इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. ही लक्षणे नेमकी चढावर, मागे वाहनांची रांग असताना प्रकट होतात, म्हणून हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

क्षमतावाढीचे पर्याय

क्षमता वाढविणारा प्रत्येक पर्याय आपली किंमत वसूल करतो. प्रेशर प्लेटची स्प्रिंग अधिक ताठ केल्यास पेडल जड होते आणि रिलीज बेअरिंगवरील भार वाढतो. सिरॅमिक किंवा धातुमिश्रित घर्षणद्रव्य उष्णता अधिक सोसते. मात्र क्लच एकदम पकडतो, मोटार थरथरते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो. मोठ्या व्यासाच्या प्लेटसाठी तशाच मापाचे फ्लायव्हील व पुरेशी जागा लागते. दोन प्लेटचा क्लच महाग व गुंतागुंतीचा असतो.

हलके फ्लायव्हील बसविल्यास इंजिन चटकन फेरे घेते. परंतु साठलेली गतिज ऊर्जा कमी झाल्याने हळू वेगात इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढते. शहरी वाहतुकीत हा लाभ नसून उपद्रव होय.

कमकुवत दुव्याचे स्थलांतर

क्लच एकदम सोडला असता फ्लायव्हीलमधील ऊर्जेमुळे इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षाही मोठा धक्का पुढे जाऊ शकतो. क्लच आपल्या क्षमतेपलीकडे सरकतो, म्हणूनच तो धक्का मर्यादित राहतो. विजेच्या जोडणीतील फ्यूजप्रमाणे तो गिअर, डिफरन्शियल व ॲक्सल यांचे रक्षण करतो. २५५ क्षमतेच्या जागी ३८० चा क्लच बसविल्यास तितकाच मोठा धक्का गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू शकतो. कमकुवत दुवा नाहीसा होत नाही. तो अधिक खर्चिक भागात स्थलांतरित होतो. मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल वा मजबूत ॲक्सल यांचा विचार शर्यतीच्या वापरात सयुक्तिक ठरतो. दैनंदिन मोटारीत क्वचितच.

निवडीचा क्रम

प्रथम इंजिनाचा प्रत्यक्ष टॉर्क व मोटारीचा वापर निश्चित करावा. इंजिन मूळ स्थितीत असेल, तर उत्पादकाच्या मापाचाच क्लच पुरेसा असतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्र बदलावीत. कारण गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागणे या भागांच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. त्याच वेळी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील तपासावे. सील गळत असल्यास नवी प्लेटही तेलाने निकामी होते. टॉर्क वाढविलेला असल्यास त्या प्रमाणातच क्षमता वाढवावी. नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मनाई करते, हेही ध्यानात घ्यावे.

चालविण्याची पद्धतही तितकीच निर्णायक आहे. सपाट रस्त्यावर मोटार सुरू करताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने मोटारीस मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. १२०० किलोग्रॅमच्या मोटारीत क्लच सेकंदाला २.५ मीटर वेगावर पूर्ण जुळला, तर ती ३७५० ज्यूल होते. दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात करून हा वेग दुप्पट झाल्यास १५,००० ज्यूल, म्हणजे चौपट. चढावर 'हाफ क्लच'वर मोटार तोलून धरणे तर अखंड झीज होय; तेथे हँडब्रेकच वापरावा.

निष्कर्ष

उत्तम क्लच म्हणजे सर्वांत बळकट क्लच नव्हे. इंजिनाच्या टॉर्कपेक्षा पुरेसा अधिक, परंतु गिअरबॉक्सच्या सहनशक्तीपेक्षा कमी क्षमतेचा क्लच होय. शक्तिसंक्रमण यंत्रणा ही साखळी असल्याने तिच्या एका कडीचा विचार उर्वरित कड्यांपासून वेगळा करता येत नाही. सामान्य वाहनमालकास मूळ मापाचा पूर्ण संच, निर्दोष सील आणि डाव्या पायाची शिस्त या तीन गोष्टी कोणत्याही महागड्या सुधारणेपेक्षा अधिक उपकारक ठरतात.